राजा आडवा करण्याआधी

रविवारी दुपारी चार वाजता पुण्यातल्या एखाद्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलमध्ये जाऊन उभं राहा. सकाळी दीडशे पटांनी भरलेली टेबलं एव्हाना रिकामी झालेली असतात. मुलं बाहेर व्हरांड्यात वडापाव खात असतात आणि आत फक्त तीन-चार पटांवर डाव चालू असतो. त्यातल्या एका पटावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसलेली असते. तिच्याकडे उरलाय फक्त राजा. समोरच्या मुलाकडे राजा, वजीर आणि दोन प्यादी. दारातून डोकावणाऱ्या पालकांच्या मनात एकच प्रश्न येतो: आता ही डाव का सोडत नाही?

ती सोडत नाही, कारण तिच्या सरांनी तिला सोडू नकोस म्हणून सांगितलं आहे. राजा ती एका कोपऱ्यात नेते. समोरचा मुलगा घाईत आहे, कारण त्याचे मित्र बाहेर खेळायला लागलेत. तो वजीर झपकन पुढे आणतो आणि राजापासून बरोबर घोड्याच्या अडीच घरांवर ठेवतो. कोपऱ्यातल्या राजाला जायला उरलेली तिन्ही घरं त्या एका वजिराच्या माऱ्यात येतात, पण राजाला शह मात्र बसत नाही. मुलगी हात वर करून पंचांना बोलावते. शह नाही आणि खेळायला एकही चाल नाही, म्हणजे कोंडी. डाव बरोबरीत. वजीर आणि दोन प्यादी जास्त असलेला मुलगा अर्धा गुण घेऊन उठतो आणि एकटा राजा उरलेली मुलगीही अर्धाच गुण घेऊन उठते.

हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो कोणत्या शाळेतला हे आता सांगता येणार नाही. मुलांना बुद्धिबळ शिकवणारे बहुतेक सर सुरुवातीची काही वर्षं एक नियम कडकपणे पाळायला लावतात: डाव सोडायचा नाही, मात होईपर्यंत खेळायचं. तो नियम बरोबर आहे. पण तो कायमचा नाही. एका टप्प्यानंतर खेळाडूला डाव सोडायलाही शिकावं लागतं, आणि ते न सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. या प्रकरणाचा विषय ते शिकणं हाच आहे.

आधी नियम. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमांत एवढंच म्हटलं आहे की खेळाडूने डाव सोडल्याचं जाहीर केलं की प्रतिस्पर्धी जिंकतो आणि डाव त्याच क्षणी संपतो. राजा पटावर आडवा करणं नियमात कुठेही नाही, ती जुनी रीत आहे. हल्ली खेळाडू घड्याळ थांबवतात, हात पुढे करतात आणि दोन्ही राजे पटाच्या मधल्या घरांत ठेवतात. इलेक्ट्रॉनिक पटावर राजे कोणत्या रंगाच्या घरांत आहेत यावरून निकाल नोंदवला जातो. सोडलेला डाव परत घेता येत नाही. हात पुढे केल्यावर शेजारच्या पटावरचा कुणी म्हणाला, ‘अरे, बरोबरी होती की!’ तरी उपयोग नाही.

मराठीत आपण ‘डाव सोडला’ म्हणतो, आणि हा शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. हरलो, शरण गेलो, पाठ टेकली असं काही त्यात नाही. हातात धरलेली गोष्ट सोडून दिली, एवढंच. कुस्तीतही ‘सोडणं’ आहे, पण तिथे कुस्ती पंच सोडवतात. दोन तुल्यबळ मल्ल अर्धा-पाऊण तास झुंजले आणि निकाल लागेना, की बरोबरीत सोडवतात. पैलवान स्वतःहून उठून ‘मी हरलो’ असं म्हणत नाही. पाठ मातीला लागेपर्यंत त्याची कुस्ती चालू असते. बुद्धिबळात पाठ मातीला लागण्याच्या कितीतरी आधी, कधी वीस-तीस खेळ्या आधी, खेळाडू स्वतः निकाल देतो. म्हणजे पंचाचं काम तो स्वतःच्याच विरुद्ध करतो.

आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात तर डाव सोडण्याचा प्रश्न वेगळाच होता. देशी खेळाचे नियम गावागणिक थोडेफार बदलत, पण ‘बुर्जी’ हा शब्द जुन्या खेळणाऱ्यांच्या तोंडी सगळीकडे असे. एका बाजूचे सगळे मोहरे मारले जाऊन राजा एकटा उरला की बुर्जी झाली. तो पूर्ण विजय मानत नसत, डाव बरोबरीत किंवा अर्धा धरत. खरा विजय म्हणजे मात, आणि प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची. या नियमाचा परिणाम काय होत असेल, हे पाहा. हरणाऱ्याला एक अजब वाट मोकळी होते: आपले उरलेसुरले मोहरे समोरच्याला मारायला लावायचे आणि एकटा राजा घेऊन बुर्जी पदरात पाडून घ्यायची. जिंकणाऱ्याला उलट काळजी, की समोरच्याचं शेवटचं प्यादं चुकूनही आपल्या हातून मारलं जाऊ नये. अशा खेळात वजीर गेला म्हणून डाव सोडणं म्हणजे अर्धा डाव फुकट देणं. देशी पटावर शेवटपर्यंत बसणाऱ्यांना आपण हट्टी समजतो, पण त्यांच्या खेळाचं गणितच तसं होतं. युरोपीय नियम आले, बुर्जी गेली आणि त्याबरोबर ते गणितही गेलं. राहिली ती फक्त कोंडी.

१८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं एक पुस्तक मूळ संस्कृतावरून इंग्रजीत छापून आलं. त्याच्या लांबलचक नावातच सांगितलं आहे की ते युरोपीय पद्धतीच्या खेळासाठी बेतलं आहे आणि त्यात मुख्यतः पेचाच्या स्थिती आहेत, म्हणजे जिथे पट पाहून एक निकाल वाटतो आणि शोधल्यावर दुसराच निघतो अशा मांडण्या. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत छापलेल्या बुद्धिबळाच्या पुस्तकाचा मुख्य माल हाच असावा, याचा मला फार आनंद वाटतो. कारण डाव सोडण्याचं सगळं शास्त्र या एकाच शंकेवर उभं आहे: पट पाहून जे वाटतं ते खरं आहे का?

ही शंका मला पहिल्यांदा शाळेत असताना आली, तीही उशिरा. आठवीत होतो. काळ्या मोहऱ्यांनी खेळत होतो आणि शेवटी माझ्याकडे फक्त राजा उरला होता. समोरच्याकडे राजा, एक उंट आणि पांढऱ्याच्या उजव्या हाताच्या शेवटच्या पट्टीतलं एक प्यादं. माझा राजा त्या प्याद्यापासून फार लांब नव्हता. पण उंट आणि प्यादं जास्त, म्हणजे प्यादं पुढे जाणार, वजीर होणार आणि मात होणार. एवढा हिशोब मी दोन सेकंदांत केला, हात पुढे केला, कागदावर सही केली आणि बाहेर आलो. दाराशी एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांनी माझा कागद मागितला, शेवटच्या खेळ्या वाचल्या आणि विचारलं, ‘‘अरे, त्याचा उंट कुठल्या घरांतून फिरत होता?’’

पांढऱ्या घरांतून, मी म्हणालो.

‘‘आणि प्यादं जिथे वजीर होणार, ते कोपऱ्यातलं घर?’’

काळं होतं.

बुद्धिबळाच्या पुस्तकांत याला ‘चुकीच्या रंगाचा उंट’ म्हणतात. कडेच्या पट्टीतलं प्यादं कोपऱ्यात वजीर होणार असेल आणि तो कोपरा उंटाच्या रंगाचा नसेल, तर एकटा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तिथून कुणी हुसकावू शकत नाही. उंटाला त्या घरावर कधीच शह देता येत नाही. राजा आणि प्यादं मिळून जवळ आले तर कोंडी होते. समोरच्याने शंभर खेळ्या खेळल्या तरी डाव बरोबरीत. मी सोडलेला तो डाव हरलेला नव्हता. तो बरोबरीत होता, आणि ते समजायला फार हुशारी लागत नव्हती. कोपऱ्याचा रंग बघायला हवा होता. मी बघितला नाही. मी मोहरे मोजले आणि उठलो.

यातून मला जे कळलं ते असं. डाव सोडताना आपण एक विधान करतो, की ‘ही स्थिती हरलेली आहे.’ पण बहुतेक वेळा ते विधान आपण तपासलेलं नसतं. आपण थकलेलो असतो, आधीच्या चुकीचा राग आलेला असतो, समोरच्याचं रेटिंग मोठं असतं, आईबाबा बाहेर थांबलेले असतात. या सगळ्यांतून जी अस्वस्थता येते तिलाच आपण ‘स्थिती हरलेली आहे’ असं नाव देतो.

मोठमोठ्या खेळाडूंचंही हे झालं आहे. १९०२ मध्ये माँटे कार्लोच्या स्पर्धेत पोपीलविरुद्ध व्हिएन्नाचा गेऑर्ग मार्को काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. त्याचा एक उंट अडकून पडला होता आणि जाणार हे दिसत होतं. मार्कोने डाव सोडला. त्याच क्षणी त्याच्याकडे एक चाल होती: तोच अडकलेला उंट उचलून थेट पांढऱ्या राजाशेजारच्या घरात ठेवायचा. त्या एका चालीने मात करण्याची धमकी उभी राहत होती आणि त्याच वेळी पांढऱ्याचा वजीर माऱ्यात येत होता. म्हणजे मार्कोने बरोबरीचा नव्हे, जिंकलेला डाव सोडला. ज्या उंटामुळे डाव गेला असं त्याला वाटलं, डाव जिंकून देणारा मोहराही तोच होता.

दुसरं उदाहरण जास्त प्रसिद्ध आहे. ४ मे १९९७, न्यूयॉर्क. गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचं डीप ब्लू यांच्यातल्या सामन्याचा दुसरा डाव. कास्पारोव्हने डाव सोडला आणि लगेचच विश्लेषकांनी दाखवून दिलं की शेवटच्या स्थितीत सतत शह देत राहून बरोबरी साधण्याची वाट होती. ती वाट त्याने शोधली नाही, कारण एवढं खोलवर मोजणारं यंत्र असली साधी पळवाट मोकळी सोडेल यावर त्याचा विश्वास बसेना. मार्कोला पट दिसला नाही. कास्पारोव्हने समोरच्याचा पट स्वतःच्या पटापेक्षा जास्त खरा मानला. दुसरी चूक मला जास्त धोकादायक वाटते, कारण ती हुशार माणसांकडूनच होते. ज्याला आपण मोठं मानतो त्याने आपल्याला हरवलं असं आपण त्याने हरवण्याआधीच मान्य करून टाकतो. तो सामना कास्पारोव्ह साडेतीन-अडीच असा हरला.

आता थोडा वेळ बुद्धिबळाचा पट बाजूला ठेवून ‘गो’ या खेळाच्या पटाकडे वळू या, कारण डाव सोडण्याचं शास्त्र तिथे जास्त उघडपणे दिसतं. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे ओकायामाच्या बागेवरून आखलेल्या त्या जपानी बागेत, तलावाकडे बघत बसलं की मला नेहमी वाटतं, इथे एखादा गोचा पट असायला हवा होता. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींची परंपरा मोठी आहे, त्यांच्यापैकी काही जण तरी तिथे खेळले असते.

गोचा पट एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघांचा, म्हणजे ३६१ बिंदूंचा. काळे आणि पांढरे खडे एकेक करून बिंदूंवर ठेवायचे. एकदा ठेवलेला खडा हलत नाही, वेढला गेला तरच उचलला जातो. शेवटी कोणी किती मोकळी जागा आपल्या खड्यांनी वेढली ते मोजायचं. काळा आधी खेळतो, म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण मिळतात, त्यांना ‘कोमी’ म्हणतात. जपानी नियमांत ते साडेसहा आणि चिनी नियमांत साडेसात. त्या अर्ध्या गुणामुळे सहसा बरोबरी होतच नाही. या खेळात मात नाही, म्हणून एका चुकीने सगळं उलटण्याची शक्यता पट भरत जाईल तशी कमी होते. मधल्या डावात एखादा मोठा समूह जगतो की मरतो यावर पन्नास गुण फिरू शकतात. पण शेवटी उरतात एकेका गुणाच्या कडेच्या चाली. तुम्ही बारा गुणांनी मागे आहात आणि पटावर एकूण आठच गुणांच्या चाली शिल्लक आहेत, तर आशेला जागाच उरलेली नसते. व्यावसायिक खेळाडू अशा वेळी डाव सोडतात. अर्ध्या-एका गुणाचा फरक असेल तर मात्र शेवटचा खडा ठेवेपर्यंत खेळतात आणि मग मोजतात. अर्ध्या गुणाने हरणं आणि चाळीस गुणांनी हरणं निकालात सारखंच. म्हणून मागे पडलेला खेळाडू चाळीस गुणांचा धोका पत्करून उलटसुलट खेळायला मोकळा असतो आणि जमलं नाही तर सोडतो. जपानीत डाव सोडण्याच्या जागेला ‘नगेबा’ हा शब्द आहे. शेवटचा एक प्रयत्न करायचा, तो फसला की उठायचं. उठण्याची जागाही खेळाडू स्वतः निवडतो.

मार्च २०१६ मध्ये सोलमध्ये गोचा व्यावसायिक खेळाडू ली सेडोल आणि गो खेळणारं यंत्र अल्फागो यांचा पाच डावांचा सामना झाला. अल्फागोने तो चार-एक असा जिंकला. पण जगाला लक्षात राहिला तो चौथा डाव. पांढऱ्या खड्यांनी खेळताना ली सेडोलने ७८ वी चाल खेळली, दोन काळ्या खड्यांच्या मधोमध पाचरीसारखी घुसवलेली. अल्फागोने पुढच्याच चालीला चूक केली आणि आपण मागे पडलो हे त्याला जवळपास ८७ व्या चालीला समजलं. त्यानंतर ते यंत्र इतक्या विचित्र चाली खेळू लागलं की बघणाऱ्या व्यावसायिकांना धक्का बसला. बुडणारा काडीचा आधार शोधतो तसं ते समोरच्याच्या उघड चुकीवर आशा ठेवून खेळत होतं. शेवटी १८० व्या चालीनंतर पडद्यावर एक छोटी चौकट आली: अल्फागो डाव सोडतो.

यंत्र डाव कसा सोडतं? प्रत्येक चालीआधी ते स्वतःच्या जिंकण्याच्या शक्यतेचा अंदाज बांधतं. तो अंदाज ठरवलेल्या उंबरठ्याखाली गेला की सोडून देतं. म्हणजे उंबरठा कुणीतरी ठरवावा लागतो. खरा प्रश्न तोच आहे आणि २०१७ मध्ये अल्फागो झीरो बनवणाऱ्यांना तो अगदी नागव्या रूपात भेटला. ते यंत्र माणसांच्या डावांतून शिकत नव्हतं, स्वतःशीच खेळून शिकत होतं. पहिल्या तीन दिवसांत ते स्वतःशी सुमारे ४९ लाख डाव खेळलं. एवढ्या डावांत प्रत्येक हरलेला डाव शेवटपर्यंत ओढायचा म्हणजे वेळेची आणि विजेची उधळपट्टी. म्हणून हरलेले डाव सोडायचे. पण इथे अडचण आली. डाव सोडला की तो पुढे काय झाला असता हे कळत नाही. उंबरठा चुकीचा असेल, वाचवता येण्याजोगे डाव यंत्र सोडत असेल, तर ते कधीच समजणार नाही, कारण ज्या डावांतून ते समजलं असतं तेच डाव अर्धवट राहिलेले असतील.

त्यांनी काढलेला उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. दहा टक्के डावांत त्यांनी सोडण्याची सोयच बंद केली. उंबरठ्याखाली गेलेली स्थिती असली तरी ते डाव शेवटपर्यंत खेळायचे. मग बघायचं की सोडले असते अशा डावांपैकी किती प्रत्यक्षात जिंकले गेले. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहील असा उंबरठा ठेवायचा. म्हणजे सोडण्याचा निर्णय बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी काही डाव मुद्दाम न सोडता खेळून बघायचे.

पुण्याच्या वर्गांमधले सर लहान मुलांना सोडू देत नाहीत, त्यामागचं कारण नेमकं हेच आहे, कुणी ते या शब्दांत सांगत नसलं तरी. नवशिक्याच्या उंबरठ्यावर विश्वास ठेवता येत नाही. वजीर गेला की त्याला डाव संपला असं वाटतं. त्याच्या पातळीवर समोरचा दहा चालींत वजीर परत देऊ शकतो हे त्याला माहीत नसतं. एकट्या राजाविरुद्ध राजा, उंट आणि घोडा असले तर मात होते, पण ती करायला ३३ खेळ्यांपर्यंत लागू शकतात आणि ती पद्धत येत नसेल तर पन्नास खेळ्यांच्या नियमाने डाव बरोबरीत सुटतो. नुसत्या दोन घोड्यांनी तर समोरच्याच्या मदतीशिवाय मात करताच येत नाही. ही माहिती नसलेला खेळाडू जेव्हा डाव सोडतो, तेव्हा तो पटाला नाही, स्वतःच्या अज्ञानाला शरण जातो. म्हणून माझं साधं मत असं आहे: पुढची मात किंवा पुढचं वजीर होणारं प्यादं तुम्ही स्वतः समोरच्याच्या जागी बसून बिनचूक खेळून दाखवू शकत असाल, तरच सोडा. दाखवू शकत नसाल तर तुम्हाला तो डाव सोडण्याचा अधिकार अजून आलेला नाही.

यावर काही जण शिष्टाचाराचा मुद्दा काढतात. ग्रँडमास्टरसमोर वजीर गमावून खेळत राहणं म्हणजे त्याचा अपमान, असं मानलं जातं. तुल्यबळ खेळाडूंमध्ये मला हे पटतं. समोरच्याला मात येते हे दोघांना माहीत असताना त्याला पंधरा खेळ्या बसवून ठेवण्यात अर्थ नाही. पण तो शिष्टाचार दहा वर्षांच्या मुलीवर लादणं चूक आहे. तिच्यासमोर बसलेला मुलगा अजून कोंडी करतो.

न सोडण्याचीही किंमत असते, ती पालकांना फारशी दिसत नाही. स्विस लीग स्पर्धेत दिवसाला दोन-तीन फेऱ्या असतात. साडेतीन तास हरलेला हत्तीचा शेवट ओढत बसलेला मुलगा पुढच्या फेरीत जेवण न करता, डोकं शिणलेलं घेऊन बसतो आणि जिंकायचा डाव हरतो. वयाने आणि खेळाने मोठं होताना ही जमाखर्चाची नोंद ठेवायला शिकावं लागतं. पटावर वाचण्याची शक्यता किती, समोरचा थकलाय का, त्याच्या घड्याळात किती मिनिटं आहेत, प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढून मिळतात की नाही, आणि आपल्याला पुढची फेरी कधी आहे. ज्या स्पर्धेत वेळ वाढून मिळत नाही, तिथे हरलेली स्थितीही सहज सोडायची नसते. समोरच्याचं घड्याळ संपलं तर आपण जिंकू शकतो.

संघाच्या स्पर्धेत हिशोब आणखी बदलतो. पुण्याचा अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या महिला संघाने सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघाचा कर्णधार तो होता. ऑलिम्पियाडच्या नियमांत कर्णधाराला अगदी थोडा अधिकार असतो. पटावरच्या स्थितीबद्दल तो एक अक्षरही बोलू शकत नाही. पण खेळाडूला बरोबरीचा प्रस्ताव दे, स्वीकार किंवा डाव सोड, एवढं तो सांगू शकतो. मला हा नियम विलक्षण वाटतो. चाल सुचवायची नाही, पण सोडायचं का धरायचं हे सांगायची मुभा आहे, कारण ते फक्त एका पटाचं गणित नसतं. त्या स्पर्धेत आठव्या फेरीत भारतीय महिला पोलंडकडून हरल्या. नवव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध वैशाली हरली आणि संघाचं सगळं ओझं वंतिका अग्रवालच्या पटावर आलं. तिने इरिना क्रशला हरवलं म्हणून सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला. एका पटावरचा अर्धा गुण पदकाचा रंग बदलतो, तेव्हा ‘मी थकले’ एवढ्यावर डाव सोडता येत नाही.

त्याच संघातली नागपूरची दिव्या देशमुख. एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या ग्रँड प्रिक्सचा एक टप्पा पुण्यात झाला. तो कोनेरू हम्पीने जिंकला आणि दिव्या तिसरी आली. तीन महिन्यांनी जॉर्जियातल्या बातुमीमध्ये महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत दिव्यासमोर माजी जगज्जेती तान झोंगयी होती. तो निर्णायक डाव १०१ खेळ्या चालला आणि दिव्याने जिंकला. एवढ्या लांब डावात दोघींपैकी कुणाचाही उंबरठा जरा वर असता तर तो कधीच संपला असता. अंतिम सामन्यात पुन्हा हम्पी समोर आली. दोन पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, २८ जुलैला जलद डावांवर निकाल लागायचा होता. दुसऱ्या जलद डावात हम्पी अडचणीत आली, चिवटपणे खेळून पुन्हा बरोबरीच्या जवळ आली, आणि वेळेच्या ताणात पुन्हा चुकली. मगच तिने डाव सोडला. दिव्या विश्वचषक जिंकली आणि त्याच निकालाने ग्रँडमास्टर झाली. तो सामना बघताना माझं लक्ष हम्पीकडे जास्त होतं. हरलेल्या स्थितीतून बरोबरीपर्यंत परत येणं आणि तिथून पुन्हा हरणं, याला किती मन लागत असेल.

त्याच्या दोन महिने आधी, १ जूनला, नॉर्वेत गुकेश मॅग्नस कार्लसनविरुद्ध बराच वेळ हरत होता. त्याने डाव धरून ठेवला. घड्याळात सेकंद उरले असताना कार्लसन चुकला आणि गुकेशने त्याच्याविरुद्ध पहिला पारंपरिक डाव जिंकला. कार्लसनने टेबलावर मूठ आपटली ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं. ते बघून डाव कधीच सोडू नये असा धडा अनेकांनी घेतला. मी घेत नाही. गुकेशला ती स्थिती कशी हरता येते हे माहीत होतं आणि कुठे अडवून धरता येते हेही माहीत होतं. त्याने जे मोजलं होतं, त्यात काही शिल्लक होतं.

माझा आठवीतला तो डाव मी नंतर खेळलो. त्याच रात्री. जेवणं झाल्यावर घरी पट मांडला, पांढरा राजा, उंट आणि प्यादं बाबांच्या बाजूला ठेवलं आणि माझा राजा कोपऱ्याच्या काळ्या घरात. बाबांना बुद्धिबळ येत होतं, पण एवढंच की मोहरे कसे चालतात. त्यांनी उंट इकडून आणला, तिकडून आणला, प्यादं एक घर पुढे ढकललं, राजा जवळ आणला. मी कोपऱ्यातून शेजारच्या घरात आणि पुन्हा कोपऱ्यात. उंटाने शेजारचं घर धरलं की कोंडी. उंटाने सोडलं की मी तिकडे. तीन वेळा सुरुवातीपासून मांडून पाहिलं. चौथ्या वेळी बाबा म्हणाले, ‘‘मी घेतो तो कोपऱ्यातला राजा, तू हरवून दाखव.’’ साडेअकराला आईने दिवा घालवायला सांगितलं, तेव्हा मी अजून प्रयत्न करत होतो.